जावईबापूंचा फळा

सन्माननीय जावईबापू यांस,

आशीर्वाद लिहावेत तर तुम्ही मोठ्या हुद्द्यावरचे, नमस्कार लिहावा तर मी सासरा. तेव्हा दोन्हींच्या मधलं काहीतरी समजून घ्यावं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, म्हणून त्या हल्ली फक्त उतरण्याची कामं अंगावर घेतात (चढायचं काही निघालं की मला हाक येते). आमच्या कन्येचा खोकला थांबला का ते कळवावं. तिला विचारलं की ती "बरी आहे बाबा" एवढंच सांगते, आणि फोन तुमच्याकडे देण्याआधी ठेवून देते. तो का ठेवते ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही असावं.

तुमची तब्येत मात्र विचारावी लागत नाही. गेलं वर्षभर रोज सकाळी साडेसातला मी तुम्हाला पाहत होतो. वर्गातला तुमच्या कंपनीचा डिजिटल बोर्ड चालू केला की आधी दोन मिनिटांची स्वागताची फिल्म लागते, आणि ती पुढे ढकलता येत नाही. निळा शर्ट घातलेले तुम्ही हसत हसत येता, हात जोडता आणि म्हणता, "नमस्कार. शिकवणं आता सोपं झालं." आपलं नातं शाळेत कुणाला कळू नये असं मला वाटत होतं, पण हेडक्लार्कच्या पोटात काही राहत नाही. तिसऱ्या दिवसापासून फिल्म लागली की अख्खी सातवीची तुकडी उभी राहून तुम्हाला नमस्कार करू लागली. मी वर्गात आलो तर उठायला कुरकुरणारी हीच मुलं. एकाने तर मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "सर, जावई आलेत, त्यांनाही विचारा." मी त्याला रागावलो नाही. मनात आलं होतं, पण तुम्ही समोर हसत होतात.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते तुम्ही विसरला असाल, कारण तुम्हाला दिवसाला अशा दहा शाळा असतात. मला एकच होती. तुम्ही दोघं सुट्टीत आला होतात, माझ्या खुर्चीत बसून तुम्ही मांडीवर लॅपटॉप घेतला होता, आणि म्हणालात की भाषेच्या वर्गात हा बोर्ड म्हणजे क्रांती आहे, मुलं शब्द बोटाने ओढतील, वाक्यं जोडतील. मला क्रांतीची हौस नव्हती. एकतीस वर्षं मी खडूने शिकवलं, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी निम्म्यांना तरी अर्ज धड लिहिता येतो. पण जावयाला नाही कसं म्हणायचं, ही विद्या मला कुणी शिकवली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला मुख्याध्यापिका बाईंकडे घेऊन गेलो आणि चार शब्द बोललो. "हे आमचे जावई आहेत." बास. पुढचं सगळं तुम्ही बोललात, आणि फार सुरेख बोललात. मी कौतुकाने ऐकत होतो (ते कौतुक खरं होतं, आज नाकारत नाही).

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात तुमची माणसं आली. जुना फळा त्यांनी पहारीने उचकटला. तो लाकडाचा नव्हता, भिंतीतच सिमेंटने केलेला होता, त्यामुळे तो सुटा न होता तुकड्यातुकड्यांनी खाली आला. मी दारात उभा होतो. एका तुकड्यावर माझ्याच अक्षरात "उद्या वह्या आणणे" असं लिहिलेलं होतं, मार्चमधलं. तो तुकडा मी मागितला असता तर मिळाला असता, पण माणसाने कशाकशाला हात पसरायचा. तुमचा बोर्ड जुन्या फळ्यापेक्षा लहान निघाला. त्यामुळे त्याच्या चारी बाजूंना वीतभर उघडी भिंत राहिली आहे, रंग न दिलेली. तिथे मुलं पेन्सिलीने लिहितात. वर्गात सध्या तेवढंच काय ते हाताने लिहिलं जातं.

मग प्रशिक्षण. तुमच्या ऑफिसमधून एक बाई आल्या, बोलायला गोड, हातात घड्याळ. आम्हा अकरा शिक्षकांना त्यांनी चाळीस मिनिटं शिकवलं. पैकी पंचवीस मिनिटं आम्ही सगळे मिळून एक्स्टेन्शन बोर्ड शोधत होतो. उरलेल्या पंधरात त्यांनी पडदा उघडणं, गोल उजेड पाडणं, रंग बदलणं, पान उलटणं असं सगळं इतकं भराभर दाखवलं की मला वाटलं या पत्ते पिसत आहेत. मी विचारलं, "पुसायचं कसं?" त्या म्हणाल्या, "सर, त्याचे चार प्रकार आहेत." एकतीस वर्षं मला एकच प्रकार पुरला होता. शेवटी त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या की आम्ही प्रशिक्षित आहोत. मी सही केली. हल्ली कुठलीही सही करताना मला ती आठवते.

पहिला तास विशेषणांचा होता. मी पेन घेतलं आणि "उंच" लिहायला गेलो. पेन एका जागी, अक्षर उमटतंय हातभर उजवीकडे. मी डावीकडे सरकलो तर अक्षरही सरकलं. चालत चालत मी खिडकीपाशी पोचलो तेव्हा "उंच" मधला "उ" पूर्ण झाला. मुलं आनंदात होती, विशेषण कुणाला कळलं नाही. नंतर समजलं की वरच्या प्रोजेक्टरला कुणाचा धक्का लागला की बोर्डाला आपण कुठे बोट ठेवतोय ते कळेनासं होतं, आणि मग त्याला नऊ ठिपके एकेक करून दाबून पुन्हा समजावावं लागतं. आमच्या वर्गाच्या डोक्यावर व्यायामाची खोली आहे. तिथे उड्या सुरू झाल्या की प्रोजेक्टर हलतो. तर मी दर तासाला नऊ ठिपके दाबायचो, वर उड्या चालायच्या, मी परत दाबायचो. तीन आठवडे मी विशेषण सोडून फक्त ठिपके शिकवले.

या रागाच्या भरात माझ्याकडून एक गोष्ट घडली, ती तुम्हाला आजवर सांगितली नाही. एके दिवशी पेनाची बॅटरी गेली, मुलं वाट पाहत होती, आणि माझ्या खिशात गठ्ठ्यांवर नावं घालायचा जाड मार्कर होता. मी तो घेऊन बोर्डावर सरळ "सुंदर" लिहिलं. अक्षर काय उठून दिसलं. ते अजूनही दिसतं. स्पिरिट, रॉकेल, लिंबू, सगळं झालं. त्यानंतर बोर्डावर काहीही लावलं, म्हणजे विज्ञानवाल्यांनी बेडकाचं पोट लावलं तरी, उजव्या कोपऱ्यात फिकट "सुंदर" असतंच. तुमच्या कंपनीला तक्रार गेली त्यात "अज्ञात व्यक्तीने" असं लिहिलं होतं. अक्षर साऱ्या शाळेला ओळखीचं होतं, पण मुख्याध्यापिका बाईंनी तेवढी भीड ठेवली.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण तुमच्या बोर्डाला प्रश्न विचारायचे तर उत्तरं चार लागतात, आणि त्यातलं एकच बरोबर लागतं. बरोबर बोट ठेवलं की टाळ्या वाजतात, चुकलं की एक बाई थंड आवाजात म्हणते, "पुन्हा प्रयत्न करा." व्याकरणाला हे चालून गेलं. मग कवितेचा धडा आला. कवितेत एक म्हातारा दार उघडं ठेवून बसलेला आहे. का बसला आहे, यावर मी दरवर्षी पुरा एक तास घालवतो आणि शेवटी उत्तर सांगत नाही. बोर्डाला चार उत्तरं देणं भाग होतं, म्हणून दिली, आणि त्यातल्या एकाला बरोबर म्हणून खूण केली, मन घट्ट करून. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा तोंड उघडत नाही, तो पुढे आला, चारही वाचली आणि मला म्हणाला, "सर, त्याला वारा हवा असेल. आमचे आजोबा तसेच बसतात." मी म्हटलं, अरे, हे फार चांगलं आहे. तो म्हणाला, "मग बोट कुठे ठेवू?" जागा नव्हती. त्याने कुठेतरी ठेवलं, बाई म्हणाली पुन्हा प्रयत्न करा, मुलं हसली. त्याने मात्र पुन्हा केला नाही, वर्षभर केला नाही.

त्यानंतर संस्थेच्या अध्यक्षांसमोर प्रात्यक्षिक झालं, ते तुमच्या कानावर आलंच असणार. हाताने लिहिलेलं अक्षर बोर्ड आपोआप छापील करतो, हे दाखवायची मला आज्ञा होती. मी वळणदार अक्षरात लिहिलं, "माननीय अध्यक्षांचे स्वागत." बोर्डाने क्षणभर विचार केला आणि छापील करून दाखवलं, "मानहीन अध्यक्षांचे स्वागत." मी पुसायला गेलो, चार प्रकारांपैकी भलताच दाबला गेला, आणि ते वाक्य पडद्याएवढं मोठं झालं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून वाचलं. मी माफी मागितली. तुमच्या बोर्डाने मागितली नाही. बाहेर पडताना अध्यक्ष मुख्याध्यापिका बाईंना म्हणाले, "यंत्र चांगलं आहे, माणसाला जमत नाही." हे मी स्वतः ऐकलं, मी त्यांच्या मागे त्यांची छत्री घेऊन चालत होतो.

इथे मी सोडून द्यायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या कन्येचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तुम्ही तास रेकॉर्ड करा ना. तुमच्यासारखं शिकवतं कोण? राहील तरी." मागे तुमचा आवाज येत होता, एकेक शब्द तुम्ही तिला पुरवत होतात असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं (मी त्यांना तेव्हा गप्प केलं). खरं सांगतो, मी पाघळलो. माणूस निवृत्तीच्या तोंडावर आला की "राहील तरी" एवढ्यावर हुरळतो. त्या दिवसापासून मी इस्त्रीचा सदरा घालून जाऊ लागलो. बोर्डावरच्या कॅमेऱ्याचं लाल बटण दाबायचो आणि शिकवायचो. सातवीचं अख्खं पुस्तक, आधी झालेले धडेही पुन्हा घेऊन, एकशे चौदा तास. विनोद आदल्या दिवशी जुळवून ठेवायचो. कधी नव्हे ते घंटेबरोबर तास संपवू लागलो. मलाच माझा अभिमान वाटू लागला होता, जावईबापू, आणि हे मी दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

यंदा शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं, एरवी त्या चहा देत नाहीत. म्हणाल्या, "सर, तुमचे सगळे तास आता बोर्डात आहेत. मुलांना तुमचंच शिकवणं मिळणार, काही बुडणार नाही. वर्गावर लक्ष ठेवायला चित्रकलेच्या बाई बसतील. तुम्ही किती वर्षं घसा फोडलात, आता पुस्तकांची खोली सांभाळा." मी विचारलं, मी काय चुकलो? त्या खरोखर गोंधळल्या. "चुकलात कुठे? इतकं छान रेकॉर्ड केलंत म्हणून तर." पगार तोच, वेळ तीच, दोन वर्षांनी निवृत्ती. तक्रार कशाची करू? मी चहा संपवला. कप जड होता, तो कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून हातात घेऊनच बाहेर आलो.

पुस्तकांची खोली सातवीला लागून आहे. मी तिथे फाटक्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावतो आणि भिंतीपलीकडे मी शिकवत असतो. आवाज चांगला आहे माझा, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी विनोद करतो, मग गेल्या वर्षीची मुलं हसतात, मग थोड्या वेळाने या वर्षीची हसतात, गेल्या वर्षीची का हसली म्हणून. कधी चित्रकलेच्या बाईंना हजेरी घ्यायची राहिलेली असते, मग त्या मला थांबवतात. परवा दारावरून जाताना पाहिलं, मी आ वासून, एक हात वर करून थांबलेलो होतो आणि त्या खाली शांतपणे आकडे म्हणत होत्या. एका मुलाने मला दारात पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "सर, तुम्ही आत या ना, तुमचाच तास चाललाय." मी म्हटलं, चालू द्या.

तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्ही तुमचं काम केलंत. तुम्ही चांगलेही आहात, मागे तुमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा तीन दिवस बाकड्यावर बसून काढलेत, ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर राग धड येतही नाही आणि धड जातही नाही. परका विक्रेता असता तर मी एव्हाना त्याला चार खडे शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तुमच्यासाठी मात्र मला दारात येऊन "या, या" म्हणावं लागतं, आणि मी म्हणतोही. पण गेल्या खेपेला तुम्ही जेवताना सहज विचारलंत, "मग बाबा, आता आराम ना?" त्यावर मी हसलो होतो. ते हसणं खरं नव्हतं, एवढं आज सांगून टाकतो.

असो. पत्र लांबलं. एकशे पंधरावा तास समजा, हा कुणी रेकॉर्ड केलेला नाही. कन्येला आशीर्वाद. काढा घे म्हणावं, आणि फोन तुमच्याकडे न देता ठेवू नकोस म्हणावं. मी काही खात नाही तुम्हाला.

तुमचा,
सासरा (सध्या पुस्तकांच्या खोलीत)

ता. क. तुमच्या सासूबाईंना मी सांगितलं आहे की पत्रात फक्त गुडघ्याविषयी लिहिलं. त्यांनी विचारलं तर गुडघ्याविषयीच बोलावं.

दुसरा ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. एकाहत्तराव्या तासात माझी चूक आहे. शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप कसं बदलतं, ते मी सांगतो आहे. "मूल, मुलाला. फूल, फुलाला." इथवर बरोबर. मग त्याच झपाट्यात "शरीर, शरिराला, री ऱ्हस्व झाली बघा" असं म्हणतो आणि तसं लिहितोही. साफ चूक. शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याची री दीर्घच राहते, शरीराला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "सर, पुस्तकात दीर्घ आहे." मी म्हटलं, मी चुकलो, तू बरोबर आहेस, आणि पुढचा सगळा तास हे शब्द वेगळे का वागतात त्यावर झाला. माझा वर्षातला सर्वांत चांगला तास. पण त्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे तो बोर्डात नाही. बोर्डात फक्त चूक आहे.

या सोमवारी तो एकाहत्तरावा तास लागला. भिंतीपलीकडून मी मला ऐकलं आणि हातातली चिकटपट्टी टाकून धावत गेलो. चित्रकलेच्या बाईंना सांगितलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "सर, मी कशी सांगू? बोर्डात तुम्हीच सांगताय." मग मी दारातून मुलांना म्हटलं, री दीर्घ लिहा. पुढच्या बाकावरची एक मुलगी अतिशय आदराने म्हणाली, "पण सर, तुम्ही आत्ताच ऱ्हस्व म्हणालात." आणि छत्तीस मुलांनी माझ्यासमोर वहीत चुकीचं लिहून घेतलं, माझ्यावर विश्वास ठेवून. पुढच्या वर्षी अजून छत्तीस. मी असेन-नसेन. रेकॉर्डिंग उघडायचा पासवर्ड शाळेकडे नाही, तुमच्या कंपनीकडे आहे असं हेडक्लार्क सांगतो. जावईबापू, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे मागतो.

तिसरा ता. क. ती चूक पुसायला सांगू नका. चारही प्रकारांनी पुसू नका. ती तशीच राहू द्या आणि तिच्यापुढे दहा मिनिटं जोडू द्या. मी चुकलो होतो, कुणीतरी हात वर केला, मग आम्ही मिळून दुरुस्त केलं, एवढं त्यात येऊ द्या. अडचण एकच आहे, रिकाम्या वर्गात मला बोलता येत नाही आणि मुलं मला आता कुणी देत नाही. तेव्हा या रविवारी तुम्ही दोघंच या. वर्गाची किल्ली मी मागून ठेवतो. कन्या मागे बसेल, तिला तुमच्यासमोर माझं ऐकायला संकोच होतो. तुम्ही पहिल्या बाकावर बसा, वही आणा, आणि मी "शरिराला" म्हटलं की हात वर करा. लगेच करा, मी पुढे जायच्या आत.